शाळेसमोर आधी काय: फूटपाथ की बस वळवायची जागा?

पालक सभेत हा विषय निघाला असेल तर मत द्यायच्या आधी एका सकाळी फाटकापाशी उभं राहा आणि मोजा: किती पोरं चालत येतात, किती रिक्षाने, किती बसने. आपल्या कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत रिक्षावाल्या मामांच्या भरवशावरची पोरं बरीच. ती रस्त्यावर उतरून फाटकापर्यंत चालतात, म्हणून तिथं मी डोळे मिटून फूटपाथ म्हणेन.

बसची गोष्ट वेगळी. बारा मीटरची बस एका दमात वळायला सुमारे २४ मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं, म्हणजे साडेचार गुंठे. राजारामपुरीत एवढी जागा आणायची कुठून? कळंबा, उजळाईवाडीकडं मोठं मैदान असलेल्या शाळेला जमेल, आणि जमत असेल तर जरूर करा. कारण खरा धोका रिव्हर्सचा. माझ्या पुतणीच्या शाळेत मावशी बसच्या पाठीवर थापा मारत “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत होत्या, आणि पहिलीतलं एक पोर मागच्या चाकाजवळ वाकून पाण्याची बाटली उचलत होतं. कुणीतरी ओरडलं म्हणून वाचलं. बस पुढूनच शिरून पुढूनच बाहेर पडली पाहिजे. इंग्रजी टी आकाराची जागा स्वस्त पडते, पण तिथं रिव्हर्स आलाच.

फूटपाथचं माप इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलंय: चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर. मोकळी म्हणजे खांब, डीपी, झाडाचा पार सोडून. आपल्याकडं गटारीवर फरशी टाकून गुडघाभर उंच कट्टा करतात. दप्तर घेतलेलं पोर त्यावर चढत नाही, रस्त्यानेच चालतं.

खर्चाचं सांगायचं तर आवारातलं वर्तुळ शाळेच्या पैशातून, रस्त्याकडेचा फूटपाथ महापालिकेकडून. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय, ते अर्जात लिहा. राज्याच्या २०११च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक, पालक, वाहतूक पोलीस, आरटीओ एकाच टेबलावर येतात. विषय तिथंच मांडा.

बस थांबवायला फूटपाथ कापून खाच करू, असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. फाटकासमोरही तो त्याच उंचीवर सलग राहू दे, गाडीने उतारावरून चढून जावं. हे आराखड्यातच लिहून घ्या. एकदा फरशा बसल्या की कोण ऐकत नाही.