स्लिपर क्लच घ्यायचा तर: छर्रे की कॅम?

वळणाच्या तोंडाशी दोन गिअर पटापट खाली टाकले, क्लच जरा घाईत सुटला आणि मागचं चाक थडथड उड्या मारायला लागलं. हे एकदा झालं की माणूस आपसूक स्लिपर क्लचच्या मागे लागतो, म्हणजे चाक इंजिनला ढकलू लागलं की आपणहून जरा सैल सुटणाऱ्या क्लचच्या. मीही लागलो. माझी गाडी सुझुकीची एसव्ही ६५०: ९० अंशांचं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), थ्रॉटल मिटला की मागून कोणी शेपूट धरल्यासारखी थबकणारी, आणि आत साधा क्लच. तिच्यात मी आजवर दोन वेगळ्या जातीचे स्लिपर बसवून पाहिले. एक विकला, दुसरा अजून आत आहे. जे लिहितोय ते या दोन क्लचवरून, त्यामुळे चिमूटभर मीठ घालूनच वाचा.

आधी तुमच्या गाडीत कंपनीचाच स्लिपर आहे का ते बघा. हसू नका, वापरलेली गाडी घेतलेल्या अनेकांना हे ठाऊक नसतं. सुझुकीच्याच जीएसएक्स-आर१००० मध्ये तो २००५ पासून आहे, यामाहा आर६ मध्ये २००६ पासून. होंडाची सीबीआर६००आरआर मात्र २०२० ची नवी आवृत्ती येईपर्यंत त्याच्याविनाच विकली गेली. गंमत अशी की रेसच्या मैदानात ही कल्पना आणणाऱ्यांत होंडाच पुढे होती. १९७९ च्या एनआर५०० या रेसच्या गाडीत असा क्लच होता, कारण तिथे टू-स्ट्रोकच्या गर्दीत हे एकटं फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेक (थ्रॉटल मिटल्यावर इंजिनानंच चाकाला आवळणं) नावापुरताच असतो. होंडाचं इंजिन मात्र मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरणारं, थ्रॉटल मिटताच मागचं चाक आवळून धरणारं. त्या चाकाला सोडवायचं काहीतरी करणं भाग होतं. स्लिपर आधीच आहे आणि तरी चाक उडतंय, तर नवा घेण्याआधी प्लेटा आणि स्प्रिंगा तपासा. झिजलेल्या प्लेटांवर चांगला स्लिपरही वाईट वागतो.

आता जाती. तत्त्व सगळ्यांचं एकच. चाक इंजिनला ढकलू लागलं की हबचा (प्लेटांच्या मधल्या गाभ्याचा) एक भाग दुसऱ्याच्या तुलनेत किंचित फिरतो, उतारावर चढतो आणि प्लेटा दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला मिलिमीटरच्या काही अंशांनी उचलतो. प्लेटांवरची पकड सैलावते, बस्स. फरक आहे तो त्या उतारावर काय सरकतं याचा. कॅमच्या क्लचमध्ये धातूचा उतार धातूच्या उतारावर घासत चढतो. छऱ्यांच्या क्लचमध्ये मधे पोलादी छर्रे असतात, ते गडगडत वर जातात. तिसरा प्रकार असिस्ट-स्लिपर, निंजा ३०० मध्ये एफसीसी या क्लच बनवणाऱ्या कंपनीचा येतो तसा. त्यात उलट्या बाजूच्या उतारामुळे ओढताना प्लेटा आणखी घट्ट होतात, म्हणून स्प्रिंगा हलक्या चालतात आणि लिव्हर लोण्यासारखा होतो. तुमच्याच इंजिनाच्या नंतरच्या मॉडेलमध्ये हा आला असेल आणि बास्केटचे (प्लेटांभोवतीच्या डब्याचे) दात, शाफ्टच्या खाचा जुळत असतील, तर सगळ्यात शहाणपणाचा रस्ता तोच. मला तो उपलब्ध नव्हता, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

बाहेरचे घ्यायचे तर स्वित्झर्लंडची सुटर, इटलीच्या एसटीएम आणि ईव्हीआर, इंग्लंडची सिग्मा ही नावं कानावर येतातच. माझा विकलेला क्लच यांपैकी कोणाचा होता, की कोणाचाच नव्हता, ते सांगणार नाही. एका गाडीतल्या एका माणसाच्या त्राग्यावरून कोणाला नावं ठेवणं बरं नाही, आणि तो त्रागा मुळात रचनेचा आहे.

पहिला घेतला तो कॅमचा. स्वस्त पडत होता, भाग कमी, बिघडण्यासारखं कमी. रस्त्यावर पहिल्याच दिवशी फरक कळला. तिसऱ्यातून दुसरा टाकून क्लच तसाच सोडला तरी मागचं चाक जमीन सोडेना. वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

ट्रॅकवर गेल्यावर कळलं की प्रश्न आता सुरू झालाय. उतारावरून खाली जाणाऱ्या एका आवळत्या वळणात इंजिन ब्रेक अजूनही मला हवा त्यापेक्षा जास्त लागत होता. चाक उडत नव्हतं, पण मागचा भाग वळवळत होता. क्लच कधी सुटायला लागावा याची मर्यादा या क्लचमध्ये हबच्या मागे बसणाऱ्या शिमवर (पातळ चकतीवर) ठरते. एक पातळ शिम बदलायची. वाचायला किती सोपं!

शिम बदलायची म्हणजे काय ते सविस्तर सांगतो, कारण माझा निर्णय इथेच झाला. उजव्या बाजूचं कव्हर काढा. (गाडी डाव्या साइड स्टँडवर कलती असली तर तेल बहुतेक सांडत नाही, तेवढाच दिलासा.) स्प्रिंगांचे बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमानं थोडेथोडे सैल करा. प्रेशर प्लेट काढा. प्लेटा निघतील त्याच क्रमानं फडक्यावर मांडा. मग सेंटर नट, हबला शाफ्टवर धरून ठेवणारा. तो ठोकून लॉक केलेला असतो, आधी त्याची ती दुमडलेली कड छिनीनं उठवायची. मग बास्केट धरायचं हत्यार अडकवायचं, लांब दांड्याचा पाना लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. नट सुटला की हब बाहेर, शिम बदला, आणि सगळं उलट्या क्रमानं परत. नट नवा हवा, जुना पुन्हा ठोकण्यात अर्थ नाही. टॉर्क रेंच हवा. गॅस्केट नवी हवी, आणि जुनी कधीच अख्खी निघत नाही. एकदा खरवडताना तिचा नखाएवढा तुकडा आत पडला. तो चिमट्यानं काढण्यात माझं पाऊण तासाचं एक सत्र गेलं, बाकीचे लोक ट्रॅकवर आणि मी इंजिनात डोकं घालून.

एवढं करून शिम बदलली, तर आता क्लच इतका मोकळा सुटू लागला की थ्रॉटल मिटल्यावर गाडी टू-स्ट्रोकसारखी पुढे वाहत जाई. ज्या वळणात आधी मागचा भाग वळवळत होता, तिथेच आता मी बाहेरच्या कडेला रुंद जाऊ लागलो. भीक नको पण कुत्रा आवर. खरी गोम अशी की दोन्ही शिमांच्या मधली एक शिम मला हवी होती, ती पेटीत होती, आणि तरीही मी ती त्या दिवशी बसवली नाही. पुन्हा सेंटर नट खोलायची इच्छाच उरली नव्हती. पुढचे दोन महिने मी चुकीच्या सेटिंगवरच गाडी चालवली. सेटिंग चुकीचं आहे हे माहीत असून.

त्यातून प्लेटा झिजल्या की गठ्ठ्याची उंची बदलते आणि उताराला मिळणारी जागाही बदलते. म्हणून उंची मोजून ती पोलादी प्लेटांनी जुळवायची असते. त्या साधारण १.६, २.० आणि २.३ मिलिमीटर अशा जाडीच्या मिळतात, म्हणजे एक प्लेट बदलली तर ०.३ किंवा ०.४ चा फरक. हे काम छऱ्यांच्या क्लचमध्येही चुकत नाही, त्यात मी उगाच पक्षपात करणार नाही. शिवाय दोन्हीकडे बहुधा कंपनीची जडर स्प्रिंग (क्लच धरतानाची थरथर शोषणारी) आणि तिच्याबरोबरची अरुंद फ्रिक्शन प्लेट काढून टाकावी लागते. सोबतचा कागद नीट वाचा. मी वाचला नव्हता, आणि पहिला आठवडाभर गाडी उठताना थरथरत का होती हे नंतर उमगलं.

दुसरा क्लच छऱ्यांचा. यात हब दोन भागांचा, मधे छर्रे, आणि वरचा भाग दाबून ठेवणारी एक पसरट डायफ्राम स्प्रिंग. इंजिन ब्रेक किती ठेवायचा ते ही स्प्रिंग ठरवते, आणि ती प्रेशर प्लेटच्या लगेच खाली असते. नटाला हात लावायचा नाही. माझ्या पेटीत तीन जाडीच्या आल्या. कव्हर काढावंच लागतं, गॅस्केटही आहेच, पण हातातलं काम संथपणे केलं तरी पंचवीस मिनिटांत उरकतं. एका दिवसात तिन्ही लावून पाहिल्या. पहिल्यांदाच मला कळलं की मला नेमका किती इंजिन ब्रेक आवडतो. तोवर मी फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ एवढंच म्हणत होतो.

आता सुटण्याचा अनुभव. मोजमाप माझ्याकडे नाही, हे बोटांना आणि बुडाला जाणवलेलं आहे. कॅमचा क्लच पायरी-पायरीनं सुटल्यासारखा वाटे. धरतो, सोडतो, परत धरतो. तेल थंड असताना एक, गरम झाल्यावर दुसरं. छऱ्यांचा एकसारखा सैलावतो, जणू कोणी अलगद दोन बोटांनी लिव्हर ओढून धरलाय. घासण्यापेक्षा गडगडणं कधीही सुरळीत, एवढंच त्याचं कारण असावं. फेरीची वेळ यामुळे किती सुधारली विचाराल तर प्रामाणिक उत्तर: फारशी नाही. ब्रेक मारताना डोक्यातला एक धागा मोकळा झाला, हे मात्र खरं.

त्याच्या खोडीही सांगायला हव्यात. एक तर महाग, आणि नुसत्या शहरात फिरवायच्या गाडीसाठी नाकापेक्षा मोती जड. दुसरं, न्यूट्रलमध्ये उभी असताना खडखड ऐकू येते. सवय नसेल तर बेअरिंग गेलं असं वाटून जीव घाबरा होतो. तिसरी खोड मला सगळ्यात जास्त जाचते. क्लच सुटत असताना प्रेशर प्लेट आत-बाहेर हलते, आणि माझ्या गाडीत ते केबलमधून थेट लिव्हरला पोचतं. बोट लिव्हरवर टेकवून ब्रेक मारायची सवय असेल तर तिथे चांगलीच थरथर येते. पहिल्या क्लचमध्ये ती कमी होती. मी बोट उचलून ठेवायला शिकलो. तुम्हाला जमेलच असं नाही. आणि छऱ्यांखालच्या उतारावर वर्षानुवर्षांत खड्डे पडू शकतात, म्हणून प्लेटा बदलताना तो भाग बोटानं चाचपून बघा. नखाला खाच लागली तर दुर्लक्ष करू नका.

ढकलून सुरू करण्याचं म्हणाल तर दोन्ही सारखेच आडमुठे. चाकानं इंजिन फिरवायचं म्हटलं की यांचा धर्मच सुटण्याचा. सगळ्यात हलकी स्प्रिंग असताना एकदा बॅटरी बसली आणि दोन मित्रांनी मला तीनदा धावत ढकललं. वरच्या गिअरमध्ये टाकून, सीटवर धपकन बसून चौथ्यांदा सुरू झाली. मित्र अजून ऐकवतात.

तेल दोन्हीला जासो एमए किंवा एमए२ चंच, म्हणजे तेलात बुडलेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीच्या प्रतीचं. घर्षण कमी करणारं कारचं तेल घातलंत तर सुटताना क्लच दिशाही पाहणार नाही, ओढतानाही घसरेल.

मग कोणी काय घ्यावं? गाडी मुख्यतः रस्त्यावर फिरते, एकदा बसवून विसरून जायचंय, आणि मागचं चाक उडू नये एवढीच अपेक्षा आहे, तर कॅमचा घ्या. तो वाईट नाही. माझा ज्यानं विकत घेतला तो समाधानी आहे. तो रस्त्यावरच फिरतो आणि शिम कुठे असते हे त्यानं मला कधी विचारलेलं नाही. गिअर उतरवताना थ्रॉटलला झटका देऊन फेरे जुळवायची कला ज्यांच्या मनगटात आहे, त्यांना तर दोन्हींची गरज कमीच. ट्रॅकवर जात असाल, त्यातही व्ही-ट्विन किंवा मोठं सिंगल-सिलिंडर घेऊन, तर मी किमतीचा फरक पोटात घालेन. पण घेताना मॉडेलचं नाव बाजूला ठेवून एकच विचारा: मर्यादा बदलायला सेंटर नट खोलावा लागतो का? छऱ्यांच्या क्लचमध्येही काही रचनांत तो खोलावा लागतो. उत्तर ‘हो’ असेल तर माझा कौल तिथेच फिरेल, छर्रे असोत नाहीतर हिरे.

सध्या माझ्या गाडीत मधली स्प्रिंग आहे. पावसाच्या सत्रासाठी हलकी लावतो, कोरडं झालं की परत मधली. सेंटर नट गेले दोन हंगाम जागचा हललेला नाही. बास्केट धरायचं ते हत्यार हत्यारपेटीच्या तळाशी पडून आहे. गंज चढू नये म्हणून अधूनमधून त्यावर तेलाचं फडकं फिरवतो.