एकमेव अंगठीची रेप्लिका आणि आमच्या अचाट थिअऱ्या: वर्षभर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

अंगठी घेऊन वर्ष होऊन गेलं, आता लिहायला हरकत नाही. टोल्कीनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्ज या कादंबरीत दुष्ट साउरॉनने घडवलेली, घालणाऱ्याला अदृश्य करणारी एक अंगठी आहे आणि फ्रोडो नावाचा हॉबिट, म्हणजे बुटक्या लोकांपैकी एक, ती आगीच्या डोंगरात नष्ट करायला निघतो; त्या एकमेव अंगठीची ही रेप्लिका, टंगस्टन कार्बाइडची, वरून सोन्याचं पाणी, बाहेरून आणि आतून लेझरने कोरलेली अक्षरं आणि सोबत गळ्यात घालायची बारीक साखळी. बनवणाऱ्याचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत, आणि खरं सांगायचं तर अशा रेप्लिका बनवणारे बरेच आहेत आणि मी जे लिहितेय ते त्यातल्या बऱ्याच अंगठ्यांना लागू पडेल.

आधी कशासाठी घेतली ते सांगते. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे, सगळे या पुस्तकाचे वेडे, आणि भेटलो की अंगठ्यांवरच्या थिअऱ्या सुरू होतात, मग एकाच वेळी चार जण बोलतात आणि कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. म्हणून नियम केला की अंगठी ज्याच्या हातात तोच बोलणार, आणि थिअरी कितीही विचित्र असली तरी चालेल पण पुस्तकातली एक तरी ओळ दाखवायची. "ओळ दाखव" असं कोणी म्हटलं आणि ओळ सापडली नाही तर अंगठी पुढच्याकडे. हा नियम लावल्यापासून थिअऱ्या कमी विचित्र झाल्या नाहीत, उलट जास्तच झाल्या, पण मजबूत झाल्या.

आता वजन. हातात घेतल्यावर पहिल्यांदा तेच जाणवतं. स्टीलची घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं ग्रॅममधलं वजन, 8 च्या आसपास, टंगस्टन कार्बाइडची साधारण 15 आणि शुद्ध सोन्याची 19.3, म्हणजे स्टीलची अंगठी खेळण्यातली वाटते आणि ही खरी वाटते. पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक जण नकळत हात जरा खाली झुकवतो, मी कितीदा पाहिलंय. आणि यावरूनच आमच्यात सगळ्यात जास्त वेळ चाललेली थिअरी निघाली, की अंगठीला वजन असं नाहीच, ते फक्त वाहणाऱ्याला लागतं. ऐकायला कविता वाटते पण ओळ आहे! किरिथ उंगोलच्या खिंडीत फ्रोडोचा नोकर आणि सोबती सॅम अंगठी फ्रोडोच्या गळ्यातून काढून ती स्वतःच्या गळ्यात घालतो तेव्हा त्याचं डोकं जमिनीपर्यंत झुकतं, मोठा धोंडा गळ्यात बांधल्यासारखं, आणि मग हळूहळू ते ओझं हलकं होतं. आणि पुढे त्या आगीच्या डोंगरावर फ्रोडोला पाठीवर घेतो तेव्हा त्याला धास्ती असते की त्या शापित अंगठीचं वजनही आता आपल्यावर येणार, पण येत नाही, फ्रोडो हलकाच लागतो. वजन खरं असतं तर पाठीवर घेतल्यावर लागायलाच हवं होतं ना? मला हे वाचताना दरवेळी गलबलून येतं, कारण याचा अर्थ सॅमला त्याच्या मालकाला उचलता येतं पण त्याचं ओझं वाटून घेता येत नाही. थिअरी म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठे जाऊन पोचते बघा.

मापाचा मात्र वैताग आहे. टंगस्टन कार्बाइडची अंगठी ना ताणता येते ना दाबता येते, इतका कडक आणि ठिसूळ पदार्थ आहे की जोर लावला तर तडकेल पण वाकणार नाही, त्यामुळे माप चुकलं की चुकलं. माझी उन्हाळ्यात बोटात घट्ट बसते आणि थंडीत इतकी सैल की हात धुताना दोनदा निसटली. दोन्ही वेळा मला जादूगार गॅन्डाल्फचं बोलणं आठवलं, तो फ्रोडोला सांगतो की ही अंगठी नेहमी एकाच मापाची किंवा वजनाची वाटत नाही, आकसते, फुगते, घट्ट बसलेल्या बोटावरून अचानक सरकते. साउरॉनच्या हातातून अंगठी कापून घेणाऱ्या इसिल्दूर राजानेही लिहून ठेवलंय की हातात घेतली तेव्हा ती निखाऱ्यासारखी तापलेली होती आणि थंड होताना लहान होत गेल्यासारखी वाटली. आमच्यातल्या एकीची थिअरी अशी की अंगठी बोटाचं माप घेतच नाही, ती इच्छेचं माप घेते, ज्याची इच्छा तिच्या कामाची त्याच्या बोटात घट्ट आणि काम संपलं की सैल. इसिल्दूरच्या बोटातून ती पाण्यात निसटली, नंतर कितीतरी वर्षं ती लपवून ठेवणाऱ्या गॉलमला सोडून गेली. मला ही थिअरी पटते, फक्त मग फ्रोडोच्या आधी जिच्याकडे होती त्या बिल्बो हॉबिटच्या हाताला ती कशी लागली हे नीट सुटत नाही, कारण गॅन्डाल्फ म्हणतो की बिल्बोला ती सापडावी असा कोणाचा तरी बेत होता आणि तो अंगठी घडवणाऱ्याचा नव्हता.

कोरीव कामाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण रेप्लिका घेणारे तेच बघतात. अक्षरं टोल्कीनने रचलेल्या तेंग्वार लिपीतली आणि भाषा मॉर्डोरची, म्हणजे साउरॉनच्या राज्याची, काळी बोली. ज्यांना देवनागरी येते त्यांना ही लिपी चटकन कळेल, कारण व्यंजनाचं अक्षर आणि त्याच्या डोक्यावर स्वराची खूण अशी रचना आहे, आपल्या मात्रांसारखीच, फक्त अंगठीवरच्या या कोरीव मजकुरात स्वराची खूण पुढच्या व्यंजनावर बसते. मी बसून शिकले, चार-पाच संध्याकाळी लागल्या. "आश नाझ्ग", म्हणजे "एक अंगठी", हे शब्द त्या मजकुरात तीनदा येतात, त्यामुळे ताडून बघायला सोपं जातं. आणि ताडून बघितल्यावर कळलं की माझ्या अंगठीवर तिसऱ्या वेळी स्वराची खूणच नाहीये! बनवणाऱ्याला फोटोसकट लिहिलं, उत्तर आलं की डिझाइन असंच आहे. असंच नाहीये, पुस्तकात चित्र छापलेलं आहे, उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. ज्या वस्तूचं सगळं मोल त्या दोन ओळींत आहे तिथे एक खूण गाळणं मला अजिबात मान्य नाही.

दुसरी गोष्ट जरा वेगळी आहे. पुस्तकातली अंगठी साधी आहे, एकदम गुळगुळीत, अक्षरं दिसतच नाहीत. गॅन्डाल्फ ती फ्रोडोच्या शेकोटीत टाकतो तेव्हा उमटतात, आणि बाहेर काढून फ्रोडोच्या तळहातावर ठेवतो तर ती गार असते. सोनं वितळायला 1064 अंश सेल्सिअस लागतात, आणि गॅन्डाल्फ स्वतः म्हणतो की तुझ्या या एवढ्याशा आगीत साधं सोनंही वितळणार नाही. म्हणजे कायम दिसणारी अक्षरं ही सिनेमाच्या पोस्टरांनी आणि आम्हा घेणाऱ्यांच्या हौसेने आलेली गोष्ट. परत घ्यायची वेळ आली तर मी बिनअक्षरांची साधी अंगठी घेईन, तिच्याकडे बघून जास्त भीती वाटते.

आता खऱ्या अचाट थिअऱ्या. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या गूढ, हसतमुख टॉम बॉम्बाडिलवर तर किती आहेत, त्यातली सगळ्यात टोकाची म्हणजे तो आणि नाझ्गूलांचा, म्हणजे साउरॉनच्या नऊ गुलाम स्वारांचा, म्होरक्या विच-किंग एकच, कारण दोघं कधी एका जागी दिसत नाहीत. आमच्याकडे ही दहा मिनिटंही टिकली नाही. पण त्या निमित्ताने जी ओळ वाचली गेली ती विसरता येत नाही: बॉम्बाडिल अंगठी डोळ्याला लावून हसतो आणि हॉबिटांना सोन्याच्या कड्यातून त्याचा निळा डोळा चमकताना दिसतो, गमतीदारही आणि भयंकरही. कड्यातला डोळा! अख्ख्या पुस्तकात साउरॉनच्या ज्या डोळ्याची दहशत आहे त्याची ही उलटी प्रतिमा आहे, म्हणजे ज्याला काहीच नको आहे त्याचा डोळा. तो अंगठी करंगळीत घालतो आणि नाहीसा होत नाही, उलट अंगठीच हवेत नाहीशी करून हसत परत देतो. आमच्या अंगठीतून बघून झालंय सगळ्यांचं, लहान मापाची असली तर डोळ्याला नीट लागत नाही, हेही माप निवडताना लक्षात घ्या.

माझी सगळ्यात आवडती थिअरी फितूर जादूगार सारुमानच्या अंगठीची. एल्फ सरदार एल्रॉन्डच्या सभेत गॅन्डाल्फ सांगतो की सारुमानच्या बोटात एक अंगठी होती, आणि सारुमान स्वतःला अंगठी घडवणारा म्हणवतो. बस, पुढे त्या अंगठीचं काय झालं यावर एक अक्षर नाही. थिअरी अशी की ती अर्धवट जमलेली होती आणि तिची सगळी ताकद त्याच्या आवाजात उतरली. नीट बघा, सारुमानच्या ऑर्थान्क बुरुजापाशी गॅन्डाल्फ त्याची काठी मोडतो, त्याला जादूगारांच्या मंडळातून काढतो, तरी आवाज शाबूत राहतो, त्या आवाजाच्या जोरावरच तो पुढे पहाऱ्यावरच्या ट्रीबीअर्डकडून, म्हणजे त्या चालत्या-बोलत्या झाडासारख्या म्हाताऱ्याकडून, सुटून जातो. काठी गेली, पद गेलं, मग आवाज कशाच्या बळावर टिकला? सिद्ध करता येणार नाही, पण मला तरी याहून नेटकं उत्तर कोणी दिलेलं नाही.

बिल्बोच्या आजोबांची, म्हणजे म्हाताऱ्या टूकची थिअरी माझी स्वतःची आहे. गॅन्डाल्फने त्यांना जादूच्या हिऱ्याच्या गुंड्या दिल्या होत्या, आपोआप लागायच्या आणि हुकूम दिल्याशिवाय निघायच्या नाहीत. आणि ते जगले 130 वर्षं, हॉबिटांमध्ये शंभरी नवलाची नाही पण 130 म्हणजे फारच. पुस्तकात असंही आहे की मोठ्या अंगठ्यांच्या आधी एरेगिअनच्या एल्फ कारागिरांनी हात बसवायला कितीतरी छोट्या अंगठ्या केल्या. त्याच कारागिरीतून गुंड्या का नसतील? "ओळ दाखव" म्हटल्यावर मी दोन ओळी दाखवल्या, जोडणारी तिसरी नाही, अंगठी गेली पुढे. तरी मी सोडलेली नाही.

नियम एकदाच हरला. नाझ्गूलांच्या नऊ अंगठ्या त्यांच्या बोटात आहेत की साउरॉनकडे? एका ठिकाणी गॅन्डाल्फ म्हणतो त्याने नऊ स्वतःकडे गोळा केल्यात, दुसऱ्या ठिकाणी म्हणतो नऊ नाझ्गूलांकडे आहेत. दोन्ही बाजूंकडे ओळ. रात्री एकपर्यंत अंगठी फिरत राहिली.

आणि गॉलमचं मरण. पाय घसरला, अपघात, असं पूर्वी मला वाटायचं. पण त्या आगीच्या डोंगराच्या उतारावर सॅमला फ्रोडोच्या जागी आगीचं चाक छातीशी धरलेली आकृती दिसते आणि त्या आगीतून गॉलमला उद्देशून आवाज येतो की पुन्हा मला हात लावलास तर तूच नियतीच्या आगीत फेकला जाशील. काही वेळाने गॉलम हात लावतो, फ्रोडोचं बोट तोडतो आणि आगीत पडतो. म्हणजे अंगठीच्याच हुकमाने अंगठी संपली, स्वतःच्याच जाळ्यात सापडली. टोल्कीनने एका पत्रात या शेवटाचं श्रेय वेगळ्याच वरच्या शक्तीला दिलंय, पण मला दोन्ही एकमेकांच्या आड येताना दिसत नाहीत.

कोणाला वाटत असेल की हे सगळं वाचकांचं रिकामपण आहे तर त्यांनी टोल्कीनच्या आधीच्या पुस्तकाची, द हॉबिटची, 1937 सालची पहिली आवृत्ती बघावी. त्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या खेळात बिल्बोकडून हरल्यावर अंगठी बक्षीस द्यायला तयार असतो आणि ती सापडत नाही म्हणून माफी मागतो. पुढे लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिताना हे जुळेना, म्हणून 1951 मध्ये ते प्रकरण बदललं गेलं, आणि जुन्या आवृत्तीचं स्पष्टीकरण काय, तर बिल्बो खोटं बोलला होता आणि त्या खोटेपणातच अंगठीचा पहिला परिणाम दिसतो. छापलेल्या चुकीतून लेखकाने स्वतःच थिअरी काढली आणि ती मूळ गोष्टीहून सरस निघाली. आमच्या ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं की मी सगळ्यात आधी हेच सांगते.

बाकी टिकाऊपणा. टंगस्टनला वर्षभरात एक ओरखडा नाही, पण सोन्याचं पाणी आठव्या महिन्यापासून आतल्या बाजूने जायला लागलं आणि आता कडेला राखाडी रंग दिसतो. साखळी तर दुसऱ्याच महिन्यात तुटली, मी जाड दोरा घातलाय. वजनाला आणि हातात बसण्याला पूर्ण गुण, कोरीव कामाला निम्मे, साखळीला शून्य, एकूण पाचपैकी तीन. ऑर्डर करणार असाल तर बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोटं बारीक असतात, आणि आल्या आल्या तिन्ही "आश नाझ्ग" भिंगाखाली ताडून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.