राउटरला घरी बनवलेलं कंट्रोल पॅनेल : दिवाळीपासून गणपतीपर्यंत वापरल्यावर

नऱ्ह्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ८ बाय ४ फुटी बेडचा सीएनसी राउटर आहे, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड, प्लाय कापणारं मशीन. ते लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरवर चालतं. गेल्या दिवाळीनंतर त्याला स्वतः बनवलेलं पॅनेल बसवलं. तोवर सगळा कारभार कीबोर्ड आणि माउसवर होता. २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर एमडीएफच्या मखरांची कामं आमच्याकडे वाढली, त्यामुळे गणपतीच्या आधी मशीन रात्री उशिरापर्यंत चालू असतं. पॅनेलचा खरा कस त्या गर्दीत लागला.

असं पॅनेल करायचं मनात असेल तर सगळ्यात जास्त वेळ बटणांच्या जागा ठरवण्यात घालवा. कोणतं बटण काय करणार हे लिनक्ससीएनसीच्या एचएएल या जोडणीच्या फाइलमध्ये कधीही बदलता येतं, पत्र्याला पाडलेलं भोक मात्र बदलत नाही. आम्ही आधी पुठ्ठ्यावर गोल कापून ते मशीनला टांगलं आणि तसंच काम करून बघितलं. आमचे ऑपरेटर काका भोसरीत व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर) उभी हयात घालवलेले. ते म्हणाले, "साहेब, होल्ड डाव्या हाताला द्या. उजवा हात फीडच्या नॉबवर असतो." तसंच केलं. फीड होल्ड, म्हणजे चालू कापणी जागच्या जागी थांबवणारं बटण, डावीकडे खाली, त्याच्या आजूबाजूला दुसरं काहीच नाही. काम सुरू करणारं सायकल स्टार्ट त्याच्यापासून वीतभर लांब. आज काका नजर टूलवरून न हलवता होल्ड दाबतात.

बटणं २२ मिमीची घेतली, पुण्याच्या तपकीर गल्लीतून. भोक २२.५ मिमी, आणि दोन बटणांच्या मध्यांत ४५ मिमी अंतर. कमी अंतरातही ती बसतात, पण हातमोजे घातलेलं बोट शेजारच्या बटणावर पडतं.

सगळ्यात जास्त वापर फीड ओव्हरराइडच्या, म्हणजे कापण्याचा वेग चालू कामात कमी-जास्त करणाऱ्या नॉबचा होतो. एमडीएफचा शीट बदलला, प्लायमध्ये गाठ आली, आवाज बदलला, की हात आपोआप तिकडे जातो. इथे सुरुवातीला १० के चं पोटेन्शिओमीटर (पॉट) होतं, रेडिओच्या आवाजाच्या नॉबसारखं. लाकडाची बारीक धूळ आत गेली आणि आकडा थरथरायला लागला. आता तिथे रोटरी एन्कोडर आहे, म्हणजे फिरवल्यावर टिचक्या मोजून सांगणारा नॉब. तक्रार नाही. पॉटचा एक गुण मात्र एन्कोडरला नाही: नुसत्या खुणेवरून सध्याचा टक्का कळायचा, आता स्क्रीनवर बघावा लागतो. लिनक्ससीएनसीच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये कमाल ओव्हरराइड १२० टक्क्यांवर बांधून ठेवलाय.

हँडव्हीलवर, म्हणजे मशीन हाताने थोडं थोडं सरकवायच्या चाकावर, खर्च करायला कचरू नका. आमचं एका फेऱ्याला १०० टिचक्यांचं, मागे सहा टर्मिनलवालं, म्हणजे ए आणि बी दोन्हींचे उलटे सिग्नलही देणारं. राउटरच्या कामाला स्पिंडलचे (टूल फिरवणाऱ्या मोटरचे) फेरे मोजणारा एन्कोडर लागत नाही, म्हणून संगणक आणि मशीन जोडणाऱ्या मेसा कार्डावरची ती एन्कोडरची जागा याला दिली. एका टिचकीला चार काउंट येतात, ते स्केलमध्ये धरावे लागतात, नाहीतर मशीन चौपट सरकतं. १०० पटीच्या निवडीवर एका टिचकीला ०.१ मिमी, म्हणजे पूर्ण फेऱ्याला १० मिमी. आणि जॉगचा (हाताने सरकवण्याचा) व्हेलॉसिटी मोड चालू ठेवा: चाक थांबलं की अक्ष थांबतो. तो बंद असेल तर जोरात फिरवलेलं सगळं अंतर मशीन मागाहून कापत राहतं, आणि क्लॅम्पजवळ ते फार धोक्याचं आहे.

इमर्जन्सीबद्दल मी हट्टी आहे. लाल मशरूम, मागे पिवळी चकती, आणि कॉन्टॅक्ट एनसीच, म्हणजे एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा. वायर तुटली तरी मशीन थांबलं पाहिजे. हा कॉन्टॅक्ट थेट रिलेची कॉइल सोडतो आणि ड्राइव्हचं एनेबल जातं. संगणकाला फक्त खबर मिळते. मशरूम फिरवून सोडला तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, वेगळं बटण दाबावं लागतं. एक गोष्ट सहसा कुणी तपासत नाही: कंपनाने मागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक सुटून पडला, तर बटण दाबूनही सर्किट तुटत नाही, मशीन चालूच राहतं. म्हणून दर सोमवारी मशीन सुरू करताना आधी इमर्जन्सी दाबून बघतो. सुटून पडले की स्वतःच सर्किट तोडणारे ब्लॉकही मिळतात, पुढच्या वेळी तेच घेणार.

स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या व्हीएफडीमुळे सिग्नलमध्ये होणारा विद्युत गोंधळ अपेक्षेपेक्षा कमी झाला. बटणांचे सिग्नल २४ व्होल्टचे, हँडव्हीलची केबल शिल्डेड, स्पिंडलची वायर वेगळ्या मार्गाने. एवढंच केलंय. पावसाळ्यात मात्र पॅनेलच्या आतले ड्युपॉन्ट जोड (नुसते खोचायचे छोटे प्लग) दगा देऊ लागले, ते काढून वायरच्या टोकांना फेरूल (धातूच्या टोप्या) लावून स्क्रू टर्मिनलला नेले.

लेबलं दोन थरांच्या एबीएस शीटवर याच राउटरने व्ही-बिटने कोरली. धूळ पुसून पुसून छापील स्टिकर उडतात, ही अजून पहिल्या दिवसासारखी आहेत.

एक अडचण उरली आहे. पॅनेल एका टोकाला पक्कं आहे, आणि ८ फुटांपलीकडच्या कोपऱ्यात झेड शून्य घेताना (टूलच्या उंचीचा शून्य ठरवताना) टूलचं टोक तिथून दिसत नाही. एक जण वाकून बघतो, दुसरा चाक फिरवतो. दिवाळीच्या आधी हातात धरायचा छोटा पेंडंट, म्हणजे केबलवरचं चाक असलेलं कंट्रोल, जोडतोय, बाजूला एनेबल बटण असलेला, म्हणजे ते दाबून धरल्याशिवाय चाकाचा काही परिणाम होणार नाही. त्याच्या केबलसाठी पॅनेलच्या तळाला एक ग्लँड (केबल आत घ्यायची घट्ट वाट) सुरुवातीपासून मोकळा ठेवलेला आहे.