चिलेटेड ग्रेड-२ : संत्र्याच्या कोवळ्या कलमांना कितपत लागू पडते?

वरुड, मोर्शी, काटोल भागातल्या कृषी केंद्रांत संत्र्याची कलमे पिवळी दिसतात म्हटले की चिलेटेड ग्रेड-२ ही सूक्ष्म अन्नद्रव्यांची पावडर हमखास हातात मिळते. चिलेटेड म्हणजे ईडीटीएसारख्या सेंद्रिय संयुगाने धातू धरून ठेवलेला. ग्रेड-२ मध्ये जस्त ३, लोह २.५, मंगल (मँगनीज) १, तांबे १, बोरॉन ०.५ आणि मॉलिब्डेनम ०.१ टक्के असते. ती फवारणीसाठी आहे, बुंध्याभोवतीच्या आळ्यात ओतायला नाही.

जस्त आणि मंगल यांच्या उणिवेवर ती खरोखर चांगली आहे. जस्त कमी पडले की नवतीची (नव्या फुटीची) पाने बारीक, अरुंद निघतात आणि शिरांमध्ये पिवळे चट्टे येतात. मंगल कमी असेल तर पान आकाराने नेहमीएवढेच, पण शिरांमधला भाग फिकट. प्रकाशसंश्लेषणात पाणी फोडून ऑक्सिजन सोडण्याचे काम मंगलाशिवाय होत नाही, म्हणून अशी कलमे खत-पाणी असूनही वाढत नाहीत.

पंधरा लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम पुरते. आधी बादलीत विरघळवा, मग पंपात घाला. नवतीची पाने दोन-तृतीयांश वाढली की सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा. पान कडक झाल्यावर शोषण फार कमी होते. ही द्रव्ये जुन्या पानातून नव्यात फारशी सरकत नाहीत, त्यामुळे पुढच्या नवतीला उणीव दिसली तर पुन्हा फवारावे लागते. बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) किंवा स्फुरदयुक्त विद्राव्य खतात मिसळू नका.

लोहाच्या बाबतीत मात्र ही पावडर अपुरी पडते. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे केवडा, चुनखडीच्या भारी काळ्या जमिनीत वारंवार येतो. फवारणीने त्या पानांपुरता हिरवेपणा येतो, बस. आळ्यात दिली तर ईडीटीएची लोहावरची पकड सामू (पीएच) ६.५ च्या वर सुटत जाते, आणि आपल्या काळ्या जमिनी बहुधा त्याच्या बऱ्याच वर असतात. तिथे लोह ईडीडीएचए या अधिक घट्ट पकडीच्या चिलेट रूपातच द्यावे. ते महाग आहे, पण टिकते. त्याआधी आळ्यात पाणी साचते का ते पाहा. मुळे गुदमरली असतील तर कोणतेही लोह कामाचे नाही.

पाकिटावर ‘सर्व घटक चिलेटेड’ छापलेले असेल तर सावध राहा. बोरॉन आणि मॉलिब्डेनम ईडीटीएत बांधले जात नाहीत, तेव्हा तो दावा चुकीचा आहे. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतरही थोडेच असते. त्यामुळे याच्या जोडीला वेगळा बोरॉन फवारू नका, नाहीतर जुन्या पानांचे शेंडे आधी पिवळे पडून मग करपतात.