महापालिकेचे लसीकरण सत्र, कोल्हापूर: गोवर-रुबेलाच्या दोन खेपांचा अनुभव

आमच्या मुलीला गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात आणि दुसरा सोळाव्या महिन्यात महापालिकेच्या एकाच आरोग्य केंद्रात दिला. दोन्ही वेळी एक पैसाही लागला नाही. तरीही मोफत सेवेला द्यावी तशी सूट मी येथे देणार नाही, कारण टोचण्याच्या कामात तिची गरजच पडली नाही.

उणीव आहे ती बसण्याच्या सोयीची. अरुंद ओसरीवर दोन बाकडी आणि भोवती कडेवर बाळे घेतलेल्या पंधरा-वीस बाया. पहिल्या खेपेस आम्हाला तासभर थांबवले, कारण तेव्हा या लसीसाठी आमच्याखेरीज एकच बाळ आले होते. ही लस भुकटीच्या रूपात येते, द्रावणात मिसळल्यावर चार तासांच्या आत वापरावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते. त्यामुळे अनेक बाळांची बाटली दोघांसाठी फोडताना सिस्टरचा हात अडतो, हे समजण्यासारखे आहे. मात्र एका बाळासाठीही बाटली उघडावी, असे शासनाचेच धोरण असल्याने तो तास आमच्या माथी यायला नको होता.

पुढचे काम मात्र चोख झाले. सिस्टरनी बाटलीवरील उष्णतादर्शक खूण दाखवली (आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरण्याजोगी), बाटली उघडल्याची वेळ तिच्यावर लिहिली, उजव्या दंडात टोचले, ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजला आणि अर्धा तास बसवून ठेवले. आठवड्याभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकेल, हेही आधीच सांगितले. आठव्या दिवशी अंग तापले तेव्हा घरात धावपळ झाली नाही.

या केंद्राचे खरे मोल मला दुसऱ्या डोसच्या वेळी कळले. मुलीला सोळावा लागला तो आषाढात, टेंबलाई देवीच्या जत्रेच्या दिवसांत. सासूबाईंचे म्हणणे, टेंबलाईला पाणी घालून येऊ, मग बघू. एकदा टोचले आहे, दुसरा डोस म्हणजे नुसती ताकद वाढवायची. मलाही तसेच वाटत होते. आशाताई (वस्तीतल्या आरोग्यसेविका) घरी आल्या आणि त्यांनी सासूबाईंना सरळ विचारले, “आजी, पहिला डोस लागू पडला का नाही, हे कशावरून ओळखणार?” प्रश्न बिनतोड होता. नऊ महिन्यांच्या बाळांत पहिल्या डोसने साधारण ८५ टक्क्यांनाच संरक्षण मिळते. बाळाच्या अंगात उरलेली आईची प्रतिपिंडे (रोगाला रोखणारी प्रथिने) लसीलाही अडवतात, हे त्याचे एक कारण. उरलेली मुले बाहेरून ओळखू येत नाहीत आणि दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठीच असतो. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतो, मग जत्रेच्या गर्दीचे काय सांगावे! आम्ही आधी केंद्र गाठले, टेंबलाई नंतर केली.

खासगी बालरोगतज्ज्ञांकडे गालगुंडाचाही समावेश असलेली एमएमआर लस मिळते. ऐपत असेल त्यांनी ती जरूर घ्यावी. पण डोस चुकल्यावर दारात येऊन विचारणारे माणूस मला तरी येथेच भेटले. जाताना कार्ड न्यावे, सत्राचा वार आशाताईंना विचारून घ्यावा आणि पाण्याची बाटली विसरू नये, कारण ओसरीवरचा नळ दोन्ही खेपांना कोरडा होता.