शनिवारचे वर्ग आणि न निघालेली तिकिटं

तुमच्या शाळेची परदेश सहल ठरत असेल, टूरवाला मुलांची तयारी अगदी मनापासून करून घेत असेल आणि सगळं फार छान चाललं असेल, तर हे जरूर वाचा. आमचंही फार छान चाललं होतं.

गोष्ट २०२४ ची. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेतली आठवी-नववीची २४ मुलं आणि ३ शिक्षक भाऊबीज झाली की सिंगापूरला जाणार होते. विज्ञान सहल होती. तिथलं सायन्स सेंटर, मरीना बराज, प्राणिसंग्रहालय वगैरे. माणशी ९२ हजार, शिक्षकांचं मोफत. कुणी म्हणेल, स्वस्ताच्या नादाला लागलात. तसं नव्हतं. आणखी दोघांचे दर मागवले होते, आमचा टूरवाला त्यांच्याहून थोडा महागच होता. फार स्वस्त सांगणाऱ्यापासून सावध राहावं हे आम्हाला ठाऊक होतं, तसं त्यालाही ठाऊक होतं.

शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने तो आला. पालकसभेत पैशांविषयी फारसं बोललाच नाही. म्हणाला, मुलं पहिल्यांदा विमानात बसणार, त्यांची तयारी मी स्वतः करून घेईन. एक शनिवार सोडून एक, शाळा सुटल्यावर दोन तास. त्याचे पैसे नाहीत.

या वर्गांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आम्ही फसलो ते तिथेच.

हॉलमध्ये बाकं तीन-तीन लावून मधे वाट सोडली की झालं विमान. एका टेबलावर चेक-इन, दुसऱ्यावर सुरक्षा तपासणी, तिसऱ्यावर इमिग्रेशन. मुलं आळीपाळीने अधिकारी व्हायची आणि एकमेकांना दरडावून विचारायची, "कुठे राहणार? किती दिवस? सोबत कोण?" पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची. पाणी, तेल, शाम्पू हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या बाटलीच्या वर नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, कारण त्यात तेल भरपूर असतं आणि ते पेट घेऊ शकतं; हे ऐकून नातवाला सोडायला आलेल्या एक आजी उठून म्हणाल्या, "मग लाडवातलं खोबरं?" तर त्यांनाही नीट समजावून सांगितलं. सिंगापुरात च्युइंगम १९९२ पासून बंद आहे, खिशात राहिलं असेल तर इथेच टाकून द्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं, ते पासपोर्टात कुठल्या रकान्यात पडलंय ते आधी बघा.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी नंतर एकेक तपासून पाहिलं. त्याला काम येत होतं, आणि म्हणूनच तो धोकादायक होता. मुलं त्याला सर म्हणायला लागली, मग आम्हीही. एकदा माणूस सर झाला की त्याच्याकडे पक्की पावती मागायला जीभ रेटत नाही.

पासपोर्टनी तर उरलासुरला संशयही घालवला. निम्म्या मुलांकडे पासपोर्ट नव्हते. त्याने अर्ज भरून दिले, आई-वडिलांनी सही करायचं अनेक्शर डी छापून आणलं, अपॉइंटमेंट घेऊन दिल्या. अठरा वर्षांखालच्या मुलांची सरकारी फी १००० रुपये आहे. तो ३५०० घेत होता. हे वरचे पैसे कुणाला खटकले नाहीत, कारण पोस्टमन खरोखरच निळी पुस्तकं घेऊन दारात आला. पासपोर्ट सरकारने दिला होता, त्याने नाही, पण श्रेय त्याच्या खात्यावर जमा झालं. मग "व्हिसासाठी" ते सगळे पासपोर्ट तो पिशवीत घालून घेऊन गेला.

पैसे हप्त्याहप्त्याने दिले. पहिला हप्ता जूनमध्ये कंपनीच्या चालू खात्यावर. दुसऱ्याच्या वेळी जीएसटीच्या कामामुळे खातं अडकलंय म्हणून बायकोच्या बचत खात्यावर. तिसरा यूपीआयवर, आणि तिथे स्क्रीनवर तिसरंच नाव दिसत होतं. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरून आपापले पाठवले. शाळेचा या पैशांशी कागदोपत्री काहीच संबंध राहिला नाही, आणि ते त्याने किती विचार करून ठरवलं होतं हे तक्रार करायला गेल्यावर कळलं.

आता तिकिटांचं, कारण मुख्य युक्ती इथे आहे.

ऑगस्टमधल्या एका वर्गात त्याने प्रोजेक्टरवर विमान कंपनीची साइट उघडली. बनावट नव्हे, खरीच. सहा अक्षरांचा पीएनआर टाकला, एक आडनाव टाकलं, आणि भिंतीवर आमच्या मुलांची नावं आली. तारीख, मुंबईहून सुटण्याची वेळ, सगळं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आयांनी भिंतीचे फोटो काढले. तीन पीएनआर होते, प्रत्येकात नऊ नावं.

पीएनआर म्हणजे फक्त बुकिंगची नोंद. एजंटला पैसे न भरता नावं टाकून जागा काही काळ धरून ठेवता येते. मुदतीत तिकीट काढलं नाही की यंत्रणा ती जागा आपोआप सोडून देते. मुदत संपेपर्यंत मात्र ते बुकिंग कंपनीच्या साइटवर व्यवस्थित उघडू शकतं. आमच्या टाळ्या त्या मुदतीच्या आतल्या होत्या. तिकीट निघालं की त्याला वेगळा, १३ आकडी क्रमांक मिळतो. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. हा क्रमांक दर प्रवाशाला वेगळा असतो. काही स्वस्त विमान कंपन्या नुसत्या पीएनआरवर चालतात. तिथे बुकिंग उघडून पूर्ण पैसे भरल्याची नोंद दिसते का ते बघायचं, आणि सरळ कंपनीला फोन करून विचारायचं.

नऊ-नऊ नावांतही एक खूण होती. एका बुकिंगमध्ये साधारण नऊच प्रवासी बसतात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की एजंट विमान कंपनीच्या ग्रुप विभागाकडे जातो. तिथे आधी जागांसाठी अनामत भरतात आणि नावं नंतर देतात. पुढे आम्ही तिकिटं मागायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "ग्रुपची तिकिटं प्रवासाच्या जवळच निघतात." हे खरं आहे. पण मग हे ग्रुप बुकिंग असेल तर ऑगस्टमध्ये भिंतीवर दिसलेली नऊ-नऊ नावं कसली? आणि नसेल तर तिकिटं इतके दिवस का थांबली? दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकत नव्हती. ग्रुप बुकिंग असतं तर कंपनीचं अटींचं पत्र आणि अनामत भरल्याची पावती त्याच्याकडे असायलाच हवी होती. त्याच्याकडे होत्या त्या टोप्या, बॅगांचे टॅग आणि आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, शिक्का छापलेलं व्हिजिटिंग कार्ड. शिक्का कुणीही छापतो. आयाटाचा क्रमांक विचारावा लागतो आणि तो आयाटाकडे पडताळता येतो.

संशयाची पहिली ठिणगी मात्र विमानातून नाही, इन्कम टॅक्समधून पडली. परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या वर्षी सात लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस, म्हणजे पॅकेज विकणाऱ्याने ग्राहकाकडून गोळा करायचा कर, होता. तो गोळा करणाऱ्याने सरकारकडे भरायचा असतो आणि तो पैसे देणाऱ्याच्या पॅनवर, २६एएस या कराच्या उताऱ्यात, दिसायला हवा होता. आमच्यातल्या एक ताई पतसंस्थेत काम करतात. जूनमध्ये भरलेल्या हप्त्याचा टीसीएस ऑगस्ट संपत आला तरी त्यांना दिसेना. एप्रिल ते जून तिमाहीचं विवरणपत्र १५ जुलैपर्यंत भरायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, तो म्हणाला, "ताई, पुढच्या तिमाहीत एकदम दिसेल." त्या गप्प बसल्या नाहीत. पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या साइटवर टाकून पाहिला. क्रमांक खरा होता, पण भलत्याच पेढीचा, आणि नोंदणी रद्द झालेली.

तरीही निम्मे पालक म्हणाले, सरांचं काहीतरी अडकलं असेल. मीही त्यातलीच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदाची ई-तिकिटं आली, प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर, वेगवेगळी. सगळी गोळा करून एकाखाली एक ठेवल्यावर दिसलं की नावं बदलली होती, १३ आकडी क्रमांक सगळ्यांवर तोच. पहिले तीन आकडे त्या विमान कंपनीचेही नव्हते. पीएनआर टाकून पाहिले, एकही उघडेना.

व्हिसाचं तेच. सिंगापूरचा व्हिसा आपल्याला ई-व्हिसा मिळतो, पासपोर्टात काही चिकटवत नाहीत, आणि तो खरा की खोटा हे तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर तपासता येतं. त्याने एकाच मुलाचा नमुना दाखवला होता, "बाकीचे येतायत" म्हणून. शिवाय सिंगापूरला उतरण्याआधी ऑनलाइन भरायच्या अरायव्हल कार्डाचे माणशी ५०० रुपये घेतले होते. ते कार्ड मोफत आहे, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. त्याने पैसे सप्टेंबरमध्ये घेतले होते.

एकूण १८ लाखांच्या आसपास. पोलीस ठाण्यात आधी ऐकायला मिळालं की हा व्यवहारातला वाद आहे, ग्राहक आयोगात जा. मग सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज, बँकेचे उतारे आणि ती एकाच क्रमांकाची तिकिटं एकत्र लावून जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे दिली, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. एका पालकांनी शेवटचा हप्ता नुकताच यूपीआयने पाठवला होता. त्यांनी लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला आणि तेवढी रक्कम समोरच्या खात्यात गोठली. जुने हप्ते केव्हाच काढून झाले होते. म्हणून संशय आला की त्याच दिवशी फोन करा, त्याला स्पष्टीकरणाची संधी देत बसू नका. ग्राहक आयोगातही आम्ही प्रत्येकाने वेगळी तक्रार केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, त्याच्या जिल्ह्यात खेपा घालाव्या लागत नाहीत.

गुन्हा नोंदल्यावर त्याने आमच्यात फूट पाडायला सुरुवात केली, आणि ते त्याला विमानाच्या वर्गांइतकंच चांगलं जमत होतं. एकेकाला रात्री फोन: "वहिनी, तुमचं मी सगळ्यात आधी करतो, फक्त त्या अर्जावरून नाव काढा." काहींना पुढच्या तारखेचे चेक दिले आणि मग दर आठवड्याला, "एवढ्यात टाकू नका, खात्यात पैसे येऊ द्या." चेक तीन महिनेच चालतो. थांबलेल्यांचे चेक कागद होऊन पडले. ज्यांनी तारखेलाच बँकेत टाकले त्यांचे वटले नाहीत, पण बँकेचा मेमो हातात आला आणि ३० दिवसांच्या आत नोटीस देऊन त्यांना कोर्टात जाता आलं. चार कुटुंबांनी नाव काढून घेतलं. त्यातल्या कुणालाही पूर्ण पैसे मिळालेले नाहीत.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते पासपोर्टनी. परत हवे असतील तर माणशी ५ हजार "सर्व्हिस चार्ज" भरा म्हणाला. पैसे गेले ते गेले, पण मुलांचे पासपोर्ट कुणाच्या हाती लागतील या विचाराने काही पालक द्यायलाही तयार झाले होते. गावातल्या एका वकिलांनी थांबवलं. पासपोर्ट कायदा १९६७ नुसार पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असतो, तो अडवून ठेवायचा टूरवाल्याला काही अधिकार नाही, असं लेखी कळवलं आणि त्याची प्रत पासपोर्ट कार्यालयाला पाठवली. आठवड्याभरात खोक्यातून कुरियरने सगळे पासपोर्ट शाळेच्या पत्त्यावर आले. सबंध प्रकरणात एवढी एकच गोष्ट वेळेवर पोहोचली.

तो सध्या जामिनावर आहे. मध्यंतरी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा मला फोन आला, कुणाकडून तरी नंबर मिळवून. त्यांच्या शाळेत एक जण हॉलमध्ये बाकं लावून मुलांची विमानप्रवासाची तयारी घेत होता, नाव वेगळं, कंपनी वेगळी, आणि या वेळी दुबई. मी फोटो मागवला. तोच होता. त्यांचा पहिलाच हप्ता गेला होता. दुसरा मागायला आला तेव्हा त्यांनी ग्रुप बुकिंगची विमान कंपनीकडची पावती मागितली. उद्या आणतो म्हणाला, आणि तेव्हापासून त्याचा तो नंबरही बंद आहे.