लोकपायलट ५ डिकोडर : इंजिन मुंगीच्या चालीने चालतं, पण आधी इंजिन तपासा

ईएसयू या जर्मन कंपनीचा लोकपायलट ५ हा एचओ, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वे इंजिनांसाठीचा डीसीसी डिकोडर आहे. डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल आदेश देण्याची पद्धत, आणि ते आदेश वाचून इंजिन चालवणारा छोटा बोर्ड म्हणजे डिकोडर. यात आवाज नाही, फक्त मोटर आणि दिवे. मोटरला सलग १.५ अँपिअर देतो. इथे ८ पिनांच्या प्लगवाला घेतला आहे, कारण 'डीसीसी रेडी' म्हणून विकल्या गेलेल्या बऱ्याच जुन्या इंजिनांत तेच सॉकेट असतं.

मंद गतीच्या बाबतीत हा डिकोडर पैसे वसूल करून देतो. मात्र आजारी इंजिन डिकोडरने बरं होत नाही, म्हणून पाकीट फोडण्याआधी इंजिन साध्या १२ व्होल्ट डीसीवर चालवा. मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून सिरीजमध्ये जोडा, फ्लायव्हील बोटाने क्षणभर अडवा, आकडा वाचा आणि लगेच सोडा. धातूच्या डबीत बंदिस्त असलेली चांगली पाच पोलची मोटर सहसा १ अँपिअरच्या आत राहते. आकडा १.५ च्या पुढे गेला तर कम्युटेटर (मोटरचा ब्रश घासतात तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ब्रश बघा, गिअरमधलं सुकलेलं ग्रीस काढा. तरीही उतरत नसेल तर त्या इंजिनात हा डिकोडर घालू नका.

मग सॉकेटमधला डमी प्लग (डिकोडर नसताना त्याच्या जागी असतो तो) काढून मोटरच्या दोन्ही टोकांपासून चाकांपर्यंत कंटिन्युइटी तपासा. बीप वाजला म्हणजे ब्रश कुठेतरी चॅसीला टेकलाय. अशा स्थितीत रुळांवरची वीज थेट डिकोडरच्या मोटर आउटपुटवर येते आणि तो जळतो. सॉकेट कारखान्यातूनच बसवलेलं असलं तरी ही तपासणी चुकवायची नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कपॅसिटरचा. इंजिन हळू चालताना गचके देतं आणि खापर डिकोडरवर फुटतं. डिकोडर मोटरचा पुरवठा क्षणभर तोडतो, फिरणारी मोटर स्वतः किती व्होल्टेज तयार करते ते मोजतो आणि त्यावरून वेग सांभाळतो. मोटरच्या टोकांवर किंवा सॉकेटच्या बोर्डावर रेडिओचा खरखराट रोखायला लावलेला छोटा कपॅसिटर हे मोजमाप बिघडवतो. तो काढून टाका. निम्मे गचके तिथेच थांबतात.

प्लग लावताना नारिंगी वायर पिन १ ला येते. उलटा बसला तर घाबरू नका: इंजिन चालतं, दिवे मात्र लागत नाहीत. काढून फिरवून लावा. दिव्यांच्या जागी एलईडी टाकत असाल तर प्रत्येकाला १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच.

आता या डिकोडरची खरी करामत. इंजिन लांब, सरळ रुळावर ठेवा, सीव्ही ५४ मध्ये ० लिहा (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) आणि कंट्रोलरवरचं एफ१ बटण दाबा. इंजिन एक-दीड सेकंद पूर्ण वेगाने सुसाट जातं आणि डिकोडर त्या मोटरची मापं स्वतःच ठरवून घेतो. पुढे मोकळा रूळ ठेवा, नाहीतर इंजिन टेबलावरून खाली जाईल. त्यानंतर सीव्ही २ ने सुरुवातीचा वेग, ५ ने कमाल वेग, ३ आणि ४ ने वेग घेणं-सोडणं जुळवा. रूळ फक्त डीसीसीवरच चालत असतील तर सीव्ही २९ मधून ४ वजा करून साध्या डीसीवर चालण्याची सोय बंद करा. इंजिन अचानक पळत सुटण्याचा धोका कमी होतो. आकड्यांचा गोंधळ झालाच तर सीव्ही ८ मध्ये ८ लिहा, डिकोडर मूळ स्थितीत येतो आणि पत्ता, म्हणजे इंजिनाला हाक मारायचा क्रमांक, पुन्हा ३ होतो.

नागपूरकरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. मे महिन्यात खोलीच तापलेली असते, त्यात डिकोडर प्लास्टिकच्या बॉडीत बंद. त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. उष्णता कोंडते आणि टेपचा गोंद वितळून चिकचिक होते. कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) एक पट्टी चॅसीवर लावा आणि डिकोडर वरून मोकळा ठेवा. दुसरं म्हणजे कूलर. त्याचा झोत लेआउटवर येत असेल तर धूळ आणि ओल मिळून रुळांवर थर धरतो, इंजिन अडखळतं आणि आपण उगाच सीव्ही बदलत बसतो. आधी रूळ आणि चाकं पुसा.

रेझिस्टर, हीट श्रिंक स्लीव्ह, बारीक वायर हे सीताबर्डीच्या बाजारात चिल्लर पैशांत मिळतं. डिकोडर मात्र ऑनलाइनच मागवावा लागतो. परदेशातून घेतल्यास कस्टम ड्युटी हिशेबात धरा.

उणिवा आहेतच. वायरींचा जुडगा लहान शंटर इंजिनात कोंबावा लागतो. रूळ घाण असताना इंजिन बंद पडू नये म्हणून पॉवरपॅक (क्षणभर पुरेल इतकी वीज साठवणारा जोड) जोडता येतो, पण त्यासाठी बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि स्थिर हात लागतो. नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय पाहून ९ मिमी रुळांचा लेआउट करणाऱ्यांनी हा घेऊच नये, त्या इंजिनांत तो मावत नाही. त्यांच्यासाठी याचाच मायक्रो प्रकार आहे.